आठवीतलं मूल घेऊन कॅनडाला निघताय? नाशिकच्या आईबापांसाठी पहिल्या वर्षाची तयारी

पावसाळ्यात नाशिकला आलेय. सकाळी दूधवाला सांगून गेला, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं. दुपारी बहिणीकडे तिच्या दोन मैत्रिणी आल्या, त्या मात्र पुराचं बोलायला नाही, मला गाठायला. दोघींचीही पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, झालीये, दोघींचीही मुलं सातवी-आठवीत. चहा ओतायच्या आतच पहिला प्रश्न आला, "तुमचा मुलगा रुळायला किती दिवस लागले हो?"

दिवस नाही लागले. दोन शाळा-वर्षं लागली. आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये इंदिरानगरचं घर भाड्याने देऊन टोरंटोजवळच्या एका गावात गेलो. मुलगा तेव्हा तेरा पूर्ण, चौदावं चालू. त्या दोघींना तासभर जे सांगितलं तेच नीट लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवता येईल. शाळेचे नियम सांगतेय ते ऑन्टारिओ प्रांताचे. कॅनडात शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे, त्यामुळे अल्बर्टा किंवा ब्रिटिश कोलंबियाला जाणाऱ्यांनी तिथलं बघावं. बाकीचं कुठेही लागू पडेल.

आधी मुलाला सांगा, मग नातेवाइकांना

आम्ही उलटं केलं. "व्हिसा हातात येऊ दे, मग सांगू, उगाच अभ्यासावरून लक्ष उडेल" असं ठरवलं होतं. त्याला कळलं ते आत्याच्या फोनवरून. ती स्पीकरवर म्हणाली, "काय मग, चालले का कॅनडाला?" त्या रात्री तो जेवला नाही. रडला असता तर बरं झालं असतं, पण तो फक्त "ठीक आहे" म्हणाला.

फाईल सबमिट कराल त्या दिवशी सांगा. आणि कृपा करून "हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय" म्हणू नका. ते पूर्ण खरं नसतं हे तेरा वर्षांच्या मुलाला कळतं, आणि वर उपकाराचं ओझं पडतं. देश बदलायचा निर्णय तुमचा आहे, त्याचा नाही, हे मान्य करून टाका. मग त्याच्या हातात खरोखर काय देता येईल ते शोधा. आम्ही उशिरा का होईना, एक अख्खी बॅग त्याला दिली. त्यात काय भरायचं ते तोच ठरवेल, आम्ही उघडायचीसुद्धा नाही. विमानतळावर वजन जास्त भरलं म्हणून उघडावी लागली. त्यात बॅट होती, दोन किलो चिवडा होता आणि रंगपंचमीचा टी-शर्ट होता. जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून आला होता तो, केशरी-पिवळा रंग चढलेला. मी दोनदा फरशी पुसायला काढला होता. काउंटरसमोर माझ्या दोन साड्या बाहेर निघाल्या, टी-शर्ट कॅनडाला गेला.

कागद: नाशकातच उरकायचे

यात भावना नाहीत, फक्त शिक्के आहेत.

शाळेतून मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घ्या. बोनाफाईड घ्या. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला की मूळ प्रत फाईलला लावून ठेवा. तिकडे तो कुणी विचारत नाही, पण उद्या परत यायची वेळ आली तर इथली शाळा पहिल्यांदा तोच मागेल. मूल नववी किंवा दहावी करून जात असेल तर विषयांचा अभ्यासक्रमही न्या. आधीच्या शिक्षणाबद्दल किती क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांची मोजणी) द्यायचे हे तिकडचे मुख्याध्यापक ठरवतात, आणि त्यांच्यासमोर कागद असलेला बरा. जन्मदाखला जुना, फक्त मराठीत असेल तर महापालिकेतून मराठी-इंग्रजी असा नवा काढा. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षांचा असतो, त्याची तारीख आज बघा.

लसींचं मात्र मनावर घ्या. ऑन्टारिओत लसीकरणाची नोंद दिली नाही तर मुलाला शाळेतून काही दिवस निलंबित करू शकतात, तसा कायदाच आहे. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची त्यात नसते. तिकडे तिन्ही लागतात. २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना कांजिण्यांची लसही लागते, आणि मोठ्या मुलांना मेनिंजायटिसची. बालरोगतज्ज्ञांकडून सगळ्या तारखा एका लेटरहेडवर टाइप करून घ्या. आमच्याकडे गुलाबी कार्ड होतं, त्यावर डाळीचा डाग आणि डॉक्टरांचं अक्षर. तिथल्या नर्सबाईंनी ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि हसून परत दिलं.

निरोपाला वेळ ठेवा

शेवटचे पंधरा दिवस आपण बँक, गॅस कनेक्शन आणि भाडेकरू यांत घालवतो. मुलाच्या निरोपाला उरतो एक पिझ्झा. दोन रविवार राखून ठेवा. कुठे जायचं ते त्याला ठरवू द्या. आमच्याला ना सोमेश्वर हवं होतं ना पांडवलेणी. त्याला मित्रांबरोबर सिटीलिंकच्या बसने पंचवटीपर्यंत जायचं होतं, मिसळ खायची होती, दुसऱ्यांदा रस्सा मागायचा होता आणि तसंच परत यायचं होतं. मोठी माणसं नकोत. गेले, आले, शर्टावर तर्री सांडून आले.

पोचल्यावरचे पहिले दहा दिवस

झोप उलटी होते. तीन-चार दिवस पहाटे तीनला सगळं घर जागं असतं, पोहे करा आणि गप्पा मारा. दिवसा मुलाला उन्हात बाहेर काढा, झोप लवकर जागेवर येते.

शाळा सप्टेंबरमध्ये, लेबर डे (तिकडे सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाल्यावर सुरू होते. जमलं तर ऑगस्टच्या सुरुवातीला पोचा. शाळेचा रस्ता दोनदा बरोबर चाला, तिसऱ्यांदा त्याला एकट्याला पाठवा. आणि पहिल्याच आठवड्यात लायब्ररीचं कार्ड काढा. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, वर्गणी भरून तिथली पुस्तकं वाचत मी वाढले. तिकडे पत्त्याचा पुरावा दाखवला की कार्ड फुकट मिळतं. पुस्तकं तर आहेतच, पण मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की ती पैसे न देता बसता येणारी, कुणी "काय पाहिजे?" न विचारणारी, गरम जागा आहे. पहिल्या हिवाळ्यात आमच्या मुलाचं घर, शाळा आणि लायब्ररी एवढंच जग होतं.

इयत्ता, ईएसएल आणि रडू

ऑन्टारिओत इयत्ता ठरते ती जन्माच्या वर्षावरून. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच वर्गात. आमचा नोव्हेंबरचा. नाशकात जूनमध्ये त्याची आठवी सुरू झाली होती, सप्टेंबरमध्ये तिकडे तो थेट नववीत. तिथे नववी म्हणजे हायस्कूलचं पहिलं वर्ष, आणि हायस्कूल पूर्ण केल्याच्या डिप्लोमाला लागणाऱ्या ३० क्रेडिटची मोजणी तिथूनच सुरू होते. शिवाय बारावीपर्यंत ४० तास समाजसेवा करावी लागते. घाबरून "एक वर्ष मागे बसवा" म्हणून भांडू नका, वयाच्या मुलांत राहणं बरं. गणितात आपली मुलं बहुतेक वेळा पुढेच असतात.

प्रवेशाआधी इंग्रजी आणि गणिताची छोटी चाचणी होते. त्यावरून आमच्याला ईएसएल म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात टाकलं. पोरगा बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात! घरी येऊन म्हणाला, "त्यांना वाटतं मला काही येत नाही." त्याच्या बाबांनी शाळेत जाऊन नाव बदलून आणायची तयारी केली. मी अडवलं, आणि आज त्या एका गोष्टीबद्दल स्वतःची पाठ थोपटते.

टोरंटो विद्यापीठातले जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हे मांडलंय. नव्या देशात आलेल्या मुलाला बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण वर्गातली पुस्तकी भाषा, म्हणजे निबंध, युक्तिवाद, विज्ञानाचं उत्तर, वर्गमित्रांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. आपल्या मुलांचं थोडं वेगळं असतं. व्याकरण पक्कं, पण "तुझं मत लिही" म्हटलं की पेन थांबतं. उत्तर पाठ करून लिहायची सवय ईएसएलमध्ये सुटते. त्या तासाचं क्रेडिटही मिळतं, आणि सक्तीच्या चार इंग्रजी क्रेडिटपैकी तीनपर्यंत ईएसएलचे चालतात. वर्ग वाया जात नाही. शिवाय त्या खोलीत प्रत्येक जण नवा असतो. आमच्या मुलाचा पहिला मित्र तिथलाच. युक्रेनचा मुलगा, दोघांचंही इंग्रजी तुटक, दोघांनाही बुद्धिबळ येत होतं.

फ्रेंचबद्दल मात्र तोंड उघडा. तिकडची मुलं चौथीपासून फ्रेंच शिकतात आणि नववीत ते सक्तीचं असतं. मराठी-हिंदी-संस्कृत करून गेलेल्या मुलाला त्यात बसवलं तर तो बुडतो. सक्तीच्या विषयाऐवजी दुसरा घ्यायची परवानगी मुख्याध्यापक देऊ शकतात. गायडन्स कौन्सेलरला ईमेल करून विचारा. हा कौन्सेलर म्हणजे "मुलाला काहीतरी झालंय" म्हणून भेटायचा माणूस नव्हे. विषय निवडण्यापासून बसच्या पासपर्यंत सगळं त्यांच्याकडेच सुटतं. पहिल्याच आठवड्यात जाऊन ओळख करून घ्या.

कुलूप

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

हायस्कूलमध्ये प्रत्येकाला लॉकर असतो आणि त्याला आकड्यांच्या तबकडीचं कुलूप. किल्ली नसते. आमचा मुलगा सप्टेंबरभर सगळी पुस्तकं, जिमचे बूट आणि डबा पाठीवर घेऊन फिरत होता. मला वाटलं, अभ्यासू आहे. खांद्यावर वळ दिसले तेव्हा विचारलं. म्हणाला, कुलूप उघडत नाही. तासांच्या मधे थोडी मिनिटं असतात, शेजारची मुलगी तीन सेकंदात उघडते, मागे लोक उभे राहतात. दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. कुणाला विचारायची लाज वाटली.

त्या शनिवारी दुकानातून तसंच कुलूप आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आम्ही तिघंही शिकलो. पद्धत अशी: तबकडी उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेऱ्या फिरवून पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे, पहिला आकडा एकदा ओलांडून, दुसऱ्या आकड्यावर. मग उजवीकडे सरळ तिसऱ्यावर, आणि खाली ओढायचं. एक रेघ चुकली तर पहिल्यापासून. त्याच्या बाबांना बावीस वेळा जमलं नाही, आणि मुलगा महिन्यात पहिल्यांदा पोट धरून हसला. सोमवारी तो रिकाम्या खांद्याने घरी आला.

तुम्ही जाण्याआधीच असं एक कुलूप ऑनलाइन मागवा आणि घरी सराव करू द्या. अशा बारक्या गोष्टींची यादी मुलाबरोबर बसून करत राहा, कारण मूल अडतं ते इथेच. शिक्षक वर्गात आले की उभं राहायचं नसतं. आमचा पहिल्या दिवशी एकटाच उभा राहिला. "सर", "मॅम" नाही, मिस्टर किंवा मिझ आणि आडनाव. खोडरबराला "रबर" म्हणायचं नाही, "इरेजर" म्हणायचं, कारण तिकडे रबर म्हणजे निरोध. हे लाजत का होईना, आधीच सांगून टाका, भर वर्गात कळण्यापेक्षा बरं. आणि कॉपी करणं म्हणजे फक्त शेजारच्याच्या पेपरात डोकावणं नव्हे. इंटरनेटवरचा परिच्छेद जसाच्या तसा प्रोजेक्टमध्ये टाकला तर शून्य गुण आणि घरी फोन येतो.

साडेनऊ तासांचं अंतर

नाशिक आणि टोरंटोत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की मार्चपर्यंत साडेदहा. ऐकायला साधं वाटतं. पण मूल शाळेतून साडेतीनला येतं, दिवसभरात झालेला अपमान कुणाला तरी सांगायचा असतो, आणि नाशकात रात्रीचा एक वाजलेला असतो. मित्र झोपलेले. मग ते रात्री जागून त्यांना गाठायला बघतं, तेव्हा इकडे सकाळ, मित्र शाळेत. डिसेंबरपर्यंत आमच्याकडे झोपेचा पार बट्ट्याबोळ झाला होता.

फोन काढून घेऊ नका, वेळ बांधून द्या. रविवारी सकाळी नऊ म्हणजे नाशकात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तो तास मित्रांचा, त्यात आपण लुडबुड करायची नाही. आजीला रोज सकाळी साडेसातला, ब्रेड चावत चावत पाच मिनिटं. तिकडे तिच्या संध्याकाळच्या चहाची वेळ होते. आजीलाही एक सांगून ठेवा: "आवडलं का तिकडे?" हा प्रश्न विचारायचा नाही. "आज डब्यात काय?" चालेल.

मुलाला घरचा कारकून करू नका

दोन-तीन महिन्यांत मुलाचे उच्चार तिकडच्यासारखे होतात, आपले होत नाहीत. मग इंटरनेट कंपनीचा फोन आला की आपण म्हणतो, "तू बोल ना, तुझं त्यांना कळतं." आमच्याकडे हे व्हायला लागलं होतं. भाडेकरारापासून बाबांच्या नोकरीच्या नकारापर्यंत सगळं त्याला माहीत. एकदा त्याने मला विचारलं, "आई, आपण परत जाणार का? पैसे संपतायत का?" चौदा वर्षांच्या पोराने रात्री अंथरुणात पडून हिशेब मांडला होता. त्यानंतर फोन आम्हीच घेतो. तीनदा "सॉरी, कम अगेन?" ऐकावं लागलं तरी. पैशाचं त्याला खोटं सांगत नाही, पण त्याला जेवढं पेलवेल तेवढंच.

थंडी आणि अंधार

निफाडला पारा उतरला की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, तेवढी थंडी आपण पाहिलेली असते. तिकडे उणे दहा, उणे पंधरा, वर वारा. नाशकातून स्वेटर भरभरून नेऊ नका, आतले थर्मल फक्त न्या. जॅकेट आणि बर्फाचे बूट तिकडेच घ्या, आणि मुलाला निवडू द्या. आईने निवडलेलं जॅकेट शाळेच्या कोपऱ्यावर बॅगेत जातं. सुती मोजे ओले झाले की पाय गोठतात, लोकरीचे घ्या.

थंडीचं काही नाही, अंधाराची तयारी करा. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. शाळा सुटून घरी येऊन दूध पिईपर्यंत रात्र. मूल गप्प होतं, आणि आपण "मोबाईलमुळे" म्हणतो. हिवाळ्याआधीच शाळेनंतरचं काहीतरी ठरवा, क्लब, पोहणं, काहीही. आमचा बुद्धिबळ क्लबला गेला.

मराठी

घरात मराठीच. तो इंग्रजीत उत्तर देईल, तुम्ही मराठीत विचारत राहा. महाराष्ट्र मंडळं बऱ्याच शहरांत आहेत, गणपतीला आणि संक्रांतीला जा, पण मुलाला स्टेजवर ढकलू नका. आठवीपर्यंतच्या २३ मुलांच्या पालकांनी लेखी मागणी केली तर ऑन्टारिओत स्कूल बोर्डाला, म्हणजे तिथल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाला, त्या भाषेचे वर्ग सुरू करावे लागतात. आपले लोक एकमेकांच्या डोहाळजेवणाला पन्नास जमतात, या अर्जावर सह्यांना मात्र नऊ.

कधी थांबून बघायचं

चिडचिड, दार आपटणं, "मला परत पाठवा" हे पहिलं वर्षभर चालतं. "परत पाठवा" म्हटलं की समजावू नका, "कशाची आठवण येतेय?" विचारा आणि ऐका. कुणी रंगावरून, वासावरून, "गो बॅक" वगैरे बोललं तर तारीख, वेळ आणि शब्द लिहून त्याच दिवशी व्हाइस प्रिन्सिपलला ईमेल करा. "दुर्लक्ष कर" हे उत्तर नाही. आम्ही ते दिलं होतं, नंतर तीन महिने त्याने काहीच सांगितलं नाही.

पण सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, शाळेत जायला पूर्ण नकार, किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलणं असेल तर वाट बघू नका. फॅमिली डॉक्टर गाठा. मुलं स्वतः चोवीस तास फुकट बोलू शकतात असा किड्स हेल्प फोन आहे, १-८००-६६८-६८६८. जिवाचं बोलणं निघालं तर ९८८, आणि लगेचचा धोका वाटला तर ९११. हे नंबर फ्रिजवर लावा, समजावून वगैरे न सांगता, किराणाच्या यादीशेजारी.

पहिली नाशिकवारी

पहिल्या सहा महिन्यांत आणू नका, जखम ताजी असते. आम्ही दोन वर्षांनी, यंदाच्या उन्हाळी सुट्टीत आलो, तिकडचा उन्हाळा म्हणजे इकडचा पाऊस. आधी सांगून ठेवा की मित्र बदललेले असतील. त्याचे सगळे दहावीत, क्लासला. एकजण चाळीस मिनिटं भेटला. आमचा घरी आला, काही बोलला नाही, टेरेसवर जाऊन पाऊस बघत बसला. मी दोन भजी ठेवून आले, विचारलं काही नाही.

बहिणीचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. तेही ऑगस्टअखेर निघतायत. परवा बाल्कनीतून खटखट आवाज येत होता म्हणून डोकावले. आमच्या चिरंजीवांनी येताना बॅगेत लॉकरचं जुनं कुलूप आणलं होतं, मला न सांगता. ते मावसभावाच्या हातात होतं आणि हा शेजारी उकिडवा बसून सांगत होता, "घाई नको करू. उजवीकडे तीन फेऱ्या. आता डावीकडे, तो आकडा सोडून दे, पुढे जा... अरे, गेलास पुढे. परत पहिल्यापासून."